आधी कंट्रोल, मग देशसेवा

अगं,

तुझा मेल वाचला. आधी हसू आलं, मग राग आला, मग चहा घेऊन परत वाचायला बसले तेव्हा कळलं की तू खरंच अडकली आहेस, नुसतं रडगाणं नाहीये.

मला समजलं ते असं. मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस, ७ ते १० मे, टीव्हीवर सायरन, मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ, आणि तुमच्या डिपार्टमेंटलाही वाटलं आपण काहीतरी करायला पाहिजे, म्हणून कॅम्पसमधल्या सगळ्या पोरांचे ब्लड ग्रुप काढून डोनरची यादी करायचं ठरलं. चांगलंच केलं. टेबलं मांडली, स्लाइड, बोट टोचायचं लॅन्सेट, कापूस, ग्रुप ओळखायचे द्रव म्हणजे अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी, बाहेर व्हरांडाभर रांग. आणि तू दर नवीन बाटली उघडली की आधी माहितीतल्या ए, बी आणि ओ लाल पेशींवर लावून बघत होतीस, म्हणजे कंट्रोल लावत होतीस. एका अँटी-बीला बी पेशींवर गुठळ्या यायला फारच वेळ लागला, आल्या त्याही बारीक, कणीदार, म्हणून तू ती बाटली बाजूला काढलीस, दुसरी येईपर्यंत रांग थांबली, आणि तुमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले की तिकडे जवान उभे आहेत आणि इथे बाईसाहेबांचं कंट्रोल चाललंय. पोरं हसली. मग १० तारखेला गोळीबार थांबला, यादी कपाटात गेली, आणि आता तू विचारतेस की माझं चुकलं का, आणि ही लॅब सोडून जिथे "खरं काम" चालतं तिथे जाऊ का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला माहितीये. ते माझ्या तोंडून ऐकायचंय म्हणून मेल केलायस, ते मी देणार नाही.

दुसऱ्यावर मात्र बोलते. लांबण लागेल, रिटायर्ड बाईला वेळच वेळ असतो, आणि हा विषय निघाला की मला थांबता येत नाही हे तुला माहीत आहेच.

१९३९ चा उन्हाळा, लंडन. लढाई अजून सुरू झालेली नाही, पण होणार हे सगळ्यांनी धरून चाललंय, आणि झाली की लगेच शहरावर बॉम्ब पडणार ही खात्री. स्पेनच्या यादवीत बाटलीत साठवलेलं रक्त जखमींना देता येतं हे दिसलेलं होतं. मग डॉ. जॅनेट व्हॉन वगैरे मंडळींनी आधीच बसून ठरवलं, लंडनच्या भोवती रक्त साठवायचे चार डेपो, स्लाऊ, सटन, ल्यूटन आणि मेडस्टोन. दुधाच्या बाटलीच्या धर्तीवर रक्ताची बाटली तयार झाली. स्लाऊचा डेपो व्हॉनबाईंकडे. आणि लढाई सुरू व्हायच्या सुमारास लाखभर लंडनकरांनी नाव देऊन, बोट टोचून घेऊन, ग्रुप काढून घेतलेला होता, त्यांची कार्डं तयार होती. लाखभर! लढाईतल्या एकाही जखमीला बाटली लागायच्या आधी. म्हणजे तुमच्या व्हरांड्यात जे चाललं होतं तेच, फक्त लाखाने.

आता मला सांग, हे लाखभर ग्रुप काढले कशाने?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. रक्तदानाचं नाव काढलं की सगळ्यांना रांगेतली माणसं दिसतात, बाही वर केलेला हात दिसतो, बाटली दिसते, नर्स दिसते. ज्या दोन थेंबांनी ठरतं की ही बाटली कोणाच्या अंगात जाणार, ते दोन थेंब कोणाला दिसत नाहीत. तुला आज निळी बाटली अँटी-ए आणि पिवळी बाटली अँटी-बी अशी फ्रिजमधून आयती मिळते, मोनोक्लोनल, म्हणजे लॅबमध्ये बनवलेल्या एकाच जातीच्या अँटीबॉडीची, सगळ्या सारख्या जोराच्या. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा अँटी-ए म्हणजे बी ग्रुपच्या कुठल्यातरी माणसाचं सीरम, रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी, अँटी-बी म्हणजे ए ग्रुपच्या कुठल्यातरी माणसाचं. आणि प्रत्येकाचं चालत नाही. बहुतेकांचं मरतुकडं असतं, टायटर नसतो, म्हणजे पातळ केलं की जोर संपतो. पुष्कळ लोक तपासावे तेव्हा एखादा जोरदार सापडतो, मग त्याच्याकडून परत रक्त घ्या, सीरम काढा, परत तपासा, कुठल्या पेशींवर किती पातळ केलं तरी चालतं ते बघा, भलतंच काही त्यात नाही ना ते बघा, आणि मग कुठे बाटलीवर "अँटी-ए" लिहा.

हे काम करत होती एक युनिव्हर्सिटीची लॅब. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनची गॅल्टन लॅबोरेटरी, तिथलं सीरम युनिट. १९३५ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर सुरू झालेलं, रोनाल्ड फिशरच्या हाताखाली, हो तोच स्टॅटिस्टिक्सवाला फिशर, तुमच्या व्हेरियन्स ॲनालिसिसचा. युनिटचे प्रमुख जॉर्ज टेलर, आणि १९३७ पासून त्यांच्याबरोबर रॉबर्ट रेस. लढाईशी यांचा काडीचा संबंध नव्हता, यांना बघायचं होतं की आनुवंशिक आजार आणि ब्लड ग्रुप एकत्र पुढच्या पिढीत जातात का. शुद्ध बिनकामाचा रिसर्च, आजच्या कुठल्याही कमिटीने "याचा उपयोग काय" म्हणून फाइल परत पाठवली असती. लढाई आली तेव्हा चांगलं सीरम ओळखायची नजर यांच्याकडे तयार होती. युनिट केंब्रिजला हलवलं, पॅथॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये बसवलं, आणि देशभरच्या ट्रान्सफ्यूजन सर्व्हिससाठी ग्रुपिंगचं सीरम तयार करायचं आणि जिथे कुठे ग्रुप जुळत नाही तिथून आलेली कोडी सोडवायची, हे त्यांचं युद्ध.

(गॅल्टन या नावाला एक वास आहे, तो मी लपवणार नाही. माणसांची "चांगली पैदास" करायच्या कल्पनेवर ती लॅब उभी होती, फिशरच्या खुर्चीचं नावच तसं होतं, आणि त्याची स्वतःची मतंही तशीच. २०२० साली त्याच युनिव्हर्सिटीने गॅल्टनचं नाव हॉलवरून काढलं, ठीकच केलं. पण सीरम खरं होतं. माणसाची मतं आणि ट्यूबमधली गुठळी वेगवेगळी तपासायची असतात, एवढं बोलून पुढे जाते.)

आणि आता नीट वाच. डेपोत गोळा होत होतं ते मुख्यतः ओ ग्रुपचं रक्त, कारण घाईत कोणालाही देता येतं. म्हणजे सीरम मरतुकडं निघालं तर काय होतं? ज्याचा ए कमजोर आहे, ए-टू वगैरे, तो ओ म्हणून कार्डावर चढतो. त्याची बाटली "ओ, कोणालाही चालेल" म्हणून डेपोत जाते, तिथून हॉस्पिटलला, आणि ढिगाऱ्यातून काढलेल्या एखाद्या बाईच्या हातात लागते, जी बी किंवा ओ ग्रुपची आहे. मग थंडी वाजून ताप, कंबर धरते, लघवी काळपट होते, किडनी बसते, आणि जखमांनी गेली म्हणून नोंद होते कारण बॉम्ब पडलेल्या रात्री शंका घ्यायला कोणाला वेळ आहे. मारलं कोणी? बॉम्बने नाही. ज्याने सीरम न तपासता बाटलीवर लेबल लावलं त्याने.

म्हणून आधी कंट्रोल. रांग व्हरांड्यात असो नाहीतर सीमेपर्यंत असो.

तू लिहिलंयस की यादी कपाटात पडून आहे त्यामुळे सगळं फुकट गेल्यासारखं वाटतं. अगं, तिकडे १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला झाला, ३ तारखेला ब्रिटन लढाईत उतरलं, आणि पुढे कित्येक महिने लंडनवर काही पडलंच नाही! डेपो तयार, बाटल्या तयार, लाखभर कार्डं तयार, आणि जखमीच नाहीत. केंब्रिजमध्ये टेलर आणि मंडळी तरीही सीरम तपासत बसली होती. लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडायला लागले ते १९४० च्या ७ सप्टेंबरपासून. तेव्हा लेबलावर जे लिहिलंय तेच बाटलीत होतं, कारण जेव्हा कोणी बघत नव्हतं आणि कोणाला घाई नव्हती त्या दिवसांत कोणीतरी कंट्रोल लावत होतं. तुझी यादी महिनाभर पडून राहिली तर तू हातपाय गाळलेस. सॉरी, पण मला चीड येते.

आणि फिशरची गंमत सांगते, कारण कंट्रोल म्हणजे नुसतं कारकुनी काम असं तुझ्या त्या सरांना वाटतं. डेपोंमधून जी चमत्कारिक सीरमं येत होती त्यात आरएचची गडबड होती, ग्रुपपुढे आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लावतो तो आरएच, तेव्हा नवा नवा सापडलेला. रेसने तक्ता केला, कुठलं सीरम कुठल्या पेशींना धरतं, अधिक वजा अधिक वजा. सगळ्या नोंदी घासून तपासलेल्या. फिशरने तो तक्ता बघून ओळखलं की यातली दोन सीरमं एकमेकांच्या बरोबर उलट चालतायत, एक जिथे धरतं तिथे दुसरं सोडतं. त्यावरून १९४४ मध्ये त्याने आरएचच्या गुणांची तीन जोड्यांत मांडणी केली, मोठा सी छोटा सी, मोठा डी छोटा डी, मोठा ई छोटा ई, आणि सांगून टाकलं की अजून दोन सीरमं सापडायला हवीत. त्यातलं एक, अँटी-छोटा-ई, १९४५ मध्ये आर्थर मूरांनी शोधलं. दुसरं अँटी-छोटा-डी आजपर्यंत कोणाला सापडलेलं नाही, कारण छोटा डी असं काही नसतंच. निम्मं बरोबर, निम्मं चूक. पण ज्या तक्त्यावरून एवढं दिसलं तो तक्ता कच्चा असता तर निम्मंही दिसलं नसतं. हे मूरां मूळचे जिऑलॉजीचे बरं का, आणि फिशर गणिती, आणि पुढे ज्याचं नाव तू रोज घेतेस तो कूम्ब्स जनावरांचा डॉक्टर.

कूम्ब्सचं तुला लेक्चरमध्ये सांगितलेलं आठवत असेल, पण तेव्हा तू मागच्या बाकावर फोन बघत होतीस, म्हणून परत सांगते. काही आरएच अँटीबॉडी अशा असतात की पेशींना चिकटतात पण गुठळी करत नाहीत. ट्यूबमध्ये बघितलं तर काहीच नाही, निगेटिव्ह. आणि चढवलं की रिॲक्शन. केंब्रिजच्या पॅथॉलॉजीतच रॉबिन कूम्ब्स यावर डोकं घासत होता. लंडनहून रात्री केंब्रिजला परत येताना, लढाईमुळे डब्यातले दिवे मिणमिणते, वाचता काही येत नव्हतं, आणि बसल्या बसल्या त्याला सुचलं की अँटीबॉडी म्हणजे शेवटी ग्लोब्युलिनच, रक्तातलं एक प्रोटीन, मग माणसाच्या ग्लोब्युलिनविरुद्ध सशामध्ये अँटीबॉडी तयार केली तर ती त्या चिकटलेल्यांना एकमेकांत अडकवेल आणि गुठळी दिसेल. कूम्ब्स, मूरां आणि रेस, लॅन्सेट नावाचं मेडिकल जर्नल, १९४५. मोरेस्कीने १९०८ मध्येच हे तत्त्व लिहून ठेवलेलं होतं आणि सगळे विसरले होते, तो वेगळाच विषय.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. तू रोज करतेस ते काम. पेशी सलाइनने धुतेस, सेंट्रिफ्यूज, पाणी एका झटक्यात ओतून देतेस, ट्यूब उलटी असतानाच कडेचा शेवटचा थेंब टिपून घेतेस, परत सलाइन, परत फिरवणं, परत ओतणं. कंटाळा येतो. पण एका धुण्यात जरी आळस झाला आणि सीरमचा अंश मागे राहिला, तर तो तुझं सगळं अँटी-ग्लोब्युलिन खाऊन टाकतो, पेशींपर्यंत ते पोचतच नाही, आणि तुला दिसतं स्वच्छ, सुंदर निगेटिव्ह. ट्यूब हलवली की तळाचं बटण सुटून धुरासारखं वर येतं, आणि तू सुटकेचा श्वास टाकतेस. खोटा! म्हणून तर प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये चेक सेल टाकायचे, ज्यांच्यावर आधीच अँटीबॉडी चढवलेली आहे असे, आणि आता त्याच ट्यूबमध्ये गुठळी आलीच पाहिजे. आली तर तुझं निगेटिव्ह खरं. नाही आली तर तो रिझल्टच नाही, परत पहिल्यापासून. मला सगळ्या सेरॉलॉजीत ही एक पायरी जास्त आवडते. लोक पॉझिटिव्हवर संशय घेतात. आपल्याला हवं तेच उत्तर आलं की संशय घ्यायची सवय लावून घे.

हवं ते उत्तर. यावरून बॉस्टन आठवलं. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये एडविन कोन, प्रोटीन केमिस्ट, वर्षानुवर्षं प्रोटीन किती विरघळतं यावर काम केलेला माणूस. लढाईच्या तोंडावर त्याला विचारलं की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरतो तो पातळ भाग, बोटीवरून नेणं कठीण जातंय, काहीतरी आटोपशीर द्या. त्याने थंड अल्कोहोलने, शून्याच्या खालच्या तापमानाला, आम्लता, क्षार, अल्कोहोल सगळं मोजून मापून प्लाझ्माचे एकेक भाग पाडले, पाचव्या भागात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन. २५ टक्क्यांचं १०० मिली अल्ब्युमिन म्हणजे रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवण्याच्या बाबतीत ५०० मिली प्लाझ्माच्या बरोबरीचं. पर्ल हार्बरला भाजलेल्या खलाशांना ते दिलं गेलं. हे सगळे सांगतात. हे कमी सांगतात की कोनचा मूळ बेत गाईच्या रक्ताचा होता, कारण खाटिकखान्यात गाईचं रक्त हवं तेवढं, मग माणसांना रांगेत उभं करायलाच नको. त्यावर केवढी मेहनत घेतली होती. पण १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर दिलं तेव्हा सीरम सिकनेस झाला, म्हणजे परक्या प्रोटीनची रिॲक्शन, एक कैदी मेला. कैद्यांवर करायला नको होतं असं माझं मत आहे, लढाई असली तरी. पण निदान ते उत्तर बघून गाईचा बेत बाजूला पडला आणि परत माणसाच्या रक्तावर आले. हवं ते उत्तर आलं नाही तर ते ऐकायचं असतं.

आणि लेबलांचं म्हणशील तर न्यूयॉर्कचा चार्ल्स ड्र्यू. कोलंबिया युनिव्हर्सिटीत साठवलेल्या रक्तावर प्रबंध लिहिला, १९४० मध्ये ब्रिटनला प्लाझ्मा पाठवायची मोहीम त्याने रांगेला लावली. अनेकांचा प्लाझ्मा एकत्र ओततात, त्यामुळे एका बाटलीत जंतू गेले की सगळा हंडा वाया, म्हणून ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांची आपापली पद्धत बंद करून एकच पद्धत आणि जंतूंची तपासणी सक्तीची. हा माणूस काळा होता, आणि अमेरिकेच्या रेड क्रॉसने आधी काळ्यांचं रक्त घ्यायलाच नकार दिला, मग १९४२ पासून घेतलं पण वेगळं लेबल लावून वेगळं ठेवलं. १९५० पर्यंत. ज्या लेबलामागे कुठलीही टेस्ट नाही असं लेबल. ड्र्यूने स्पष्ट सांगितलं होतं की याला शास्त्राचा आधार नाही.

आता तू म्हणशील मॅडम सगळं परदेशातलं सांगताय. बरं, मग परळला ये. १९५२, परत लॅन्सेट. डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया, आणि त्यांच्याबरोबर नावं कोणाची? रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस. तोच रेस. टेलर १९४५ मध्ये अचानक गेले, युनिट रेसकडे आलं, लढाईनंतर लंडनला परत गेलं, आणि मुंबईचे नमुने तपासणाऱ्यांत तोच माणूस होता. बॉम्बे ब्लड ग्रुप. स्लाइडवर अँटी-ए निगेटिव्ह, अँटी-बी निगेटिव्ह, म्हणजे ओ, टाका कार्डावर, पुढचा! पण या माणसाच्या सीरमने ओ पेशींच्याही गुठळ्या होतात. ओ रक्त दिलं तर तो जाऊ शकतो. आणि हे कळतं कधी? उलट बाजूने तपासलं तर, त्याचं सीरम ए, बी आणि ओ पेशींवर लावलं तर. ओ पेशी! ज्या "तिथे काय येणारे" म्हणून सगळे गाळतात. आपल्याकडे दहा हजारांत एखादा असा असतो असं साधारण धरतात, आणि जगात हे जिथे पहिल्यांदा सापडलं त्या राज्यातल्या कॉलेजात आपण नुसती स्लाइड करून "ओ पॉझिटिव्ह" अशी कार्डं वाटतो. मान्य आहे, प्रत्यक्ष रक्त देताना क्रॉसमॅच होतो, बाटलीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघतात, तिथे अडेल. पण पाकिटात ठेवलेल्या कार्डावर लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास असतो. १९५७ मध्ये मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर निघालं, आजची रक्तावरची राष्ट्रीय संशोधन संस्था एनआयआयएच, केईएम हॉस्पिटलच्या आवारात. जाऊन बघून ये एकदा.

थोडं माझंही सांगते, नाहीतर तुला वाटेल ही बाई पुस्तकातलं बोलते.

मला पाठीमागे कंट्रोलबाई म्हणायचे, मला माहीत होतं. एकदा रात्रपाळीला सर्जन खाली येऊन माझ्यावर ओरडले होते, पेशंट स्थिर होता, ऑपरेशन सकाळचं, पण त्यांना बाटल्या रात्रीच हव्या होत्या आणि माझे चेक सेल धरत नव्हते, म्हणून मी सगळ्या ट्यूबा परत धुवायला घेतल्या. (पेशंट ओतप्रोत वाहतोय आणि डॉक्टर सही करून ओ मागतोय ती गोष्ट वेगळी, तिथे मी एक मिनिट थांबले नाही कधी, ते मला शिकवू नकोस.) परत केलं, काही निघालं नाही. सगळं बरोबरच होतं, सगळ्या बाटल्या जुळल्या. दुसऱ्या दिवशी तक्रार वर गेली, उगाच उशीर करते म्हणून. मला आजही कोणी विचारलं तर मी सांगेन की काही निघालं नाही म्हणून ते फुकट गेलं नाही, काही निघालं नाही हे कळलं ते त्या धुण्यामुळे, आधी नुसतं वाटत होतं. हे वाक्य मी तेव्हा साहेबांनाही ऐकवलं. प्रमोशन माझ्या हाताखालच्याला मिळालं. बरं झालं, तो मीटिंगला छान बसायचा.

खंत म्हणशील तर ती वेगळी आहे. माझी रजिस्टरं. विचित्र रिॲक्शन आली की मी वेगळी नोंद ठेवायचे, पेशंटचा नंबर, कुठलं सीरम, किती धरलं, मागून काय निघालं. वर्षानुवर्षांची. ते लिहून छापायला हवं होतं, भेंड्यांच्या परंपरेतलं शहर हे, पण रोजचं काम, घर, सासूबाईंचं आजारपण, आणि पीएचडी नसलेल्या टेक्निशियनचा पेपर कोण वाचणार असं मनात, म्हणून राहिलं. मग रिनोव्हेशन निघालं आणि ऑफिसने सगळी रद्दीत घातली. टेलर, रेस यांच्या हातात जे होतं तेच माझ्याही हातात होतं, चोख तपासलेल्या नोंदी, फक्त तक्ता बघायला फिशर नव्हता आणि मी स्वतः बघायला बसले नाही. तिकडे तर लढाईसाठी भरलेली डोनरांची कार्डं फिशर आणि टेलरने मोजली आणि १९४० मध्येच नेचरमध्ये स्कॉटलंडच्या लोकांच्या मुळावर टिपण छापलं. लढाई चालू असताना! तुझ्याकडे अख्ख्या कॉलेजची यादी आहे आणि तू ती कपाटात आहे म्हणून रडतेस.

आता सोडून जायचं. सैन्याच्या मेडिकल कोअरमध्ये जायचं असेल तर जा, मनापासून सांगते, तिथेही ब्लड बँक आहे आणि तिथेही कोणीतरी "घाई आहे" म्हणणार आहे आणि तुला हेच करायचंय. दुसरं काही करायचं असेल तर तेही कर. मी कोण अडवणारी. पण "खरं काम" दुसरीकडे आहे म्हणून जाऊ नकोस, ते शब्द मला फार लागले, माझं अख्खं आयुष्य त्या खोट्या कामात गेलंय.

आणि जायच्या आधी एक कर. ती यादी बाहेर काढ. ज्यांच्या नावापुढे ओ लिहिलंय त्यांना कॉलेज उघडलं की परत बोलाव, बोट टोचून चालणार नाही, शिरेतून दोन मिली घे, आणि रिव्हर्स ग्रुपिंग कर, ट्यूबमध्ये, स्लाइडवर नाही. ए पेशी, बी पेशी, आणि ओ पेशी. ज्यांच्यापुढे डी निगेटिव्ह आहे त्यांचं कूम्ब्स लावून वीक डी, म्हणजे स्लाइडवर न दिसणारा कमजोर डी, आहे का बघ. ती मंद अँटी-बीची बाटली फेकली नसशील तर लॉट नंबर लिहून कंपनीला कळव, आणि त्याच लॉटच्या दुसऱ्या बाटल्या वापरल्या असतील तर त्यांच्यावर किती पोरं झाली होती ते शोध, त्यांचं आधी कर. सर नाही म्हणाले तर लेखी नाही मागून घे, लेखी कोणी देत नाही, आपोआप हो होतं. काही सापडलं नाही तरी मला कळव, आणि लिहून ठेव, घरी ठेव, ऑफिसात नको.

ओ पेशी तीन जणांच्या मिसळून घ्यायच्या, ताज्या, सलाइनमध्ये धुतलेल्या. मी जुलैत पहिल्या आठवड्यात तिकडे येतेच आहे भाचीकडे, एक दिवस लॅबला येईन. माझा ग्रुप बी आहे, बी पेशी माझ्या चालतील. ए साठी तुमच्या सरांना विचार, त्यांचा ए आहे असं तूच मागे म्हणाली होतीस, आणि त्यांचाही आधी तपासून घे.

मॅडम